बगॅस जाळायचा की त्याचा कागद करायचा?

ऊसकरी
गळीत सुरू झालं की आमच्या कारखान्यामागं बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याचा, डोंगर उभा राहतो. 100 टन ऊस गाळला की साधारण 30 टन बगॅस, आणि तो जवळपास सगळा बॉयलरात जातो. मला हे पटत नाही. तमिळनाडूत करूर जिल्ह्यात टीएनपीएल (तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स) ही कागद गिरणी 1984पासून बगॅसचा कागद काढते. बदल्यात साखर कारखान्यांना वाफ किंवा कोळसा देते, त्यामुळे त्यांची चूल विझत नाही. आपल्याकडे एवढा ऊस असून कागदासाठी बांबू आणि सुबाभूळच का तोडायची?

कोजनवाला
दादा, बगॅसच्या बदल्यात कोळसा म्हणजे झाड वाचवायचं आणि कोळसा जाळायचा. शिवाय हिशेब करा. 1 टन ओल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी. उरलेल्या 500 किलोतला पिथ, म्हणजे मऊ भुसा, काढावाच लागतो. तो साधारण तिसरा हिस्सा. राहिले 350 किलो, ते शिजवून निम्म्याहून कमी. म्हणजे 1 टन पल्पला, कागदाच्या लगद्याला, 6 टन बगॅस. एवढ्यात आम्ही कोजनवाले, म्हणजे वाफेबरोबर वीजही करणारे, आमची वाफ भागवून वर वीज विकतो.

ऊसकरी
पिथ परत बॉयलरलाच जातो ना? शिजवताना सुटलेलं लिग्निनही, म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणारं द्रव्य, गिरणीच्या रिकव्हरी बॉयलरात जळतं, तिथंच शिजवायचा सोडाही परत मिळतो. जळायचं ते जळतंच, फक्त तंतू आधी काढून घेतला. तंतू जाळणं मला जिवावर येतं.

पल्पवाला
ब्लीचिंगला, म्हणजे पल्प पांढरा करण्याच्या कामात, 22 वर्षं काढलीत, म्हणून लिहितो. शिजताना विरघळलेलं झायलन, म्हणजे उसाच्या तंतूतलाच एक घटक, पुन्हा तंतूवर बसतं आणि त्याखाली लिग्निन अडकून राहतं. पूर्वी त्यावर क्लोरीन वायूचा मारा करायचे. त्यातून क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यं, डायॉक्सिनसुद्धा, पाण्यात जायची. 1986 साली फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं की ब्लीचिंगआधी झायलन तोडणारं झायलनेज एन्झाइम दिलं की हा थर सैल होतो आणि क्लोरीन कमी लागतो.

आमच्याकडे ट्रायल घेतली तेव्हा पहिले आठ दिवस काही फरकच पडेना. वॉशरवरून येणाऱ्या पल्पचा पीएच 10च्या वर, आणि आमचं एन्झाइम 7-8ला चालणारं. मग आधी आम्ल सोडून पीएच खाली आणला, तापमान 50 अंशांवर धरलं आणि पल्प दोन तास मुरू दिला. त्या दिवशी टॉवरखालचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस आलं. सुटलेलं लिग्निन ते! मी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं होतं. फक्त त्या एन्झाइममध्ये सेल्युलेज (तंतूचं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) नको, नाहीतर तंतूच कुरतडला जातो आणि मशीनवर कागद तुटत राहतो.

ओढ्याकाठचा
साहेब, एन्झाइमनं ब्लीचिंगचं पाणी सुधारेल. आमच्या ओढ्याला यायचं ते त्याच्या आधीचं, शिजवल्यावरचं काळं पाणी. मी शाळेत असताना गावाच्या वरच्या अंगाला पेंढ्याचा कागद करणारी छोटी मिल होती, सोडा रिकव्हरी नसलेली. म्हशी त्या पाण्याला तोंड लावत नसत. मोटर सुरू केली की पाटात फेस यायचा, आई तो काठीनं बाजूला सारायची. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2003च्या सनदेत मोठ्या गिरण्यांना एओएक्सची, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यांची, मर्यादा घातली होती, कागदाच्या टनामागे आधी 1.5 किलो आणि नंतर 1 किलो. गावात येऊन मोजणार कोण, ते सांगा. त्याशिवाय आणखी एक गिरणी आम्हाला नको.

पल्पवाला
तुमचं बरोबर आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, तिचा काचेसारखा थर काळं पाणी आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसतो, म्हणून छोट्यांना रिकव्हरी जमली नाही. बगॅसमध्ये सिलिका बरीच कमी असते. स्वीडनमध्ये काळ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून लिग्निन वेगळं काढायची पद्धत निघाली. 2013 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या प्लिमथच्या गिरणीत ती व्यापारी पातळीवर सुरू झाली. पण तीही मोठी गिरणी, रिकव्हरी बॉयलर असलेली. रिकव्हरीशिवाय बगॅसची गिरणी काढायला माझाही विरोधच राहील.

छपाईकर
पिथ नीट काढा एवढंच सांगतो. राहिला तर ऑफसेट छपाईच्या ब्लँकेटवर, म्हणजे रबरी पट्ट्यावर, भुसा धरतो, दर थोड्या वेळानं मशीन थांबवून पुसावं लागतं. चांगला काढलेला बगॅसचा कागद मात्र गुळगुळीत आणि कडक येतो. वह्यांना मी तोच घेतो.

ऊसकरी
ओढ्याकाठचे दादा, रिकव्हरीची अट मला मान्य. आता कोजनवाल्यांना विचारतो. साखर उद्योगाबाबतच्या रंगराजन समितीनं 2012 साली साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला द्या असं सांगितलं. तुम्ही स्वतःच्याच बॉयलरात जाळलेला बगॅस त्या हिशेबात टनाला काय दरानं धरता? आकडा लिहा, मग कागदाच्या दराशी लावून बघू.