पालाच्या बिशपांचं 'नार्कोटिक जिहाद': इशारा की बदनामी?

पिंपळपान:
सप्टेंबर २०२१ मध्ये केरळमधल्या पालाचे सिरो-मलबार (केरळमधला एक कॅथलिक पंथ) बिशप जोसेफ कल्लरंगाट कुरविलंगाडच्या चर्चमध्ये प्रवचनात म्हणाले, ख्रिस्ती मुलामुलींवर 'लव्ह जिहाद' आणि 'नार्कोटिक जिहाद' चाललाय, म्हणजे कट करून त्यांना प्रेमात आणि अमली पदार्थांत अडकवलं जातंय. वाद विझला, भाषा मात्र रुळली. माझ्या मते वेदीवरून असं बोलायचं तर पदरात पुरावा हवा. मुख्यमंत्री विजयन यांनी तेव्हा २०२० च्या अमली पदार्थ प्रकरणांतल्या आरोपींचे आकडेच मांडले: हिंदू ४९.८ टक्के, मुस्लिम ३४.४७, ख्रिस्ती १५.७३. यात कट कुठे दिसतो?

आडनाव_नको:
लोकसंख्येत मुस्लिम साधारण २७ टक्के, हे सोयीस्कर गाळलंत. आणि २०१० मध्ये प्रश्नपत्रिकेत प्रेषितांचा अपमान केला म्हणून केरळमधल्याच मूवाट्टुपुळाला प्रा. टी. जे. जोसेफ यांचा हात तोडला, तो? बिशपांनी आपल्या माणसांना सावध केलं की लगेच द्वेष!

पिंपळपान:
२७ आणि ३४ मधल्या फरकाला कट म्हणायचं? हात तोडणाऱ्यांना कोर्टाने शिक्षा दिली, योग्यच झालं. पण त्याच जोसेफ सरांना नोकरीवरून कुणी काढलं? चर्चच्याच कॉलेजने. तेव्हा कुठे गेली होती आपल्या माणसांची काळजी?

वसईची_लेक:
मी कॅथलिक. त्याच कुरविलंगाडमध्ये फादर प्रवचनात मुस्लिमांविरुद्ध बोलायला लागले तेव्हा काही सिस्टर्स मिस्सा (प्रार्थनाविधी) अर्धवट सोडून बाहेर पडल्या. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. चर्च मुस्लिमांकडे आदराने पाहते, असं व्हॅटिकनने १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या इतर धर्मांबद्दलच्या जाहीरनाम्यात लिहून ठेवलंय. (आमच्याकडे लग्नाच्या जेवणावळीत जे कानावर पडतं ते वेगळंच, ते इथे लिहीत नाही.)

आडनाव_नको:
रोममध्ये बसून आदर लिहायला काय जातं? केरळच्या किनाऱ्यावरच्या मुनंबमची सहाशेच्या आसपास कुटुंबं, बहुतेक लॅटिन कॅथलिक मच्छीमार, वक्फच्या दाव्यामुळे घरावर कर्जही काढू शकत नव्हती. त्यांनी कोणत्या भाषेत बोलायचं?

वसईची_लेक:
'वक्फ बोर्डाने आमच्या जमिनीवर दावा लावलाय' या भाषेत. आणि त्याच प्रश्नावर २०२४ मध्ये मुस्लिम लीगचे केरळमधले नेते सादिक अली तंगळ स्वतः लॅटिन बिशपांना भेटायला गेले होते.

आडनाव_नको:
गेले, ठीक. पण दावा बोर्डाचा. तो त्या भेटीने सुटला का?

पिंपळपान:
नाही सुटला. म्हणूनच भांडण बोर्डाशी करा.