मदत हवी आहे : लक्झर, आईचे गुडघे आणि थडग्यांच्या पायऱ्या

डिसेंबरात आईला घेऊन इजिप्तमध्ये लक्झरला जातोय. नाईलच्या पश्चिम तीरासाठी एकच सकाळ हाताशी आहे. आई सपाटीवर आरामात चालते, जिने मात्र नकोत. व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे प्राचीन राजांच्या थडग्यांची दरी, तिथल्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, तूतनखामून आणि पहिल्या सेतीचं तिकीट वेगळं. सेतीचं फार खोल, म्हणून ते बाद. चौथ्या रामसेसचं बरंचसं सपाट आहे, ते नक्की. हत्शेपसुतच्या देवळाचा चढ हळूहळू जमेल. मेदिनेत हाबूचं देऊळ मात्र सोडणार नाही, तिथे भिंतीवर शत्रूंच्या कापलेल्या हातांचे ढीग कोरलेत! गाडी ठरवली आहे, ग्रुप टूर सुचवू नका. कमी पायऱ्यांची आणखी दोन थडगी कोणती? आणि गर्दी टाळायला आधी व्हॅली करावी की हाबू?