'न्यूनगंड'मधला 'गंड' म्हणजे काय?

प्रश्न : 'न्यूनगंड' आपण सर्रास बोलतो, पण 'गंड' म्हणजे नेमकं काय? कोशात गाल, गाठ, फोड असे अर्थ दिसले. 'न्यूनगंड' म्हणजे इंग्रजीतला 'इन्फीरिऑरिटी कॉम्प्लेक्स', आणि 'कॉम्प्लेक्स'चा मूळ लॅटिन अर्थ तर 'एकत्र गुंफलेलं'. मग 'गुंता' का नाही म्हणत?

उत्तर : मलाही बरीच वर्षं 'गुंता'च बरोबर वाटायचा. 'कॉम्प्लेक्स' हा शब्द मानसशास्त्रात कसा रुजला ते वाचलं आणि मत बदललं.

तो रुजवला कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञानं, झुरिकच्या बुर्गहोल्त्स्ली मनोरुग्णालयात. हातात घड्याळ धरून समोरच्याला १०० शब्द एकेक करून वाचून दाखवायचे आणि मनात येईल तो पहिला शब्द त्यानं सांगायचा. डोकं, हिरवा, पाणी... उत्तरं पटापट येतात. मध्येच एखाद्या साध्याशा शब्दाला माणूस अडखळतो, तोच शब्द परत उच्चारतो, उगाच हसतो. असे अडलेले शब्द शेजारी शेजारी मांडले की त्यांच्यामागचं एकच दुखणं दिसायला लागतं. त्या दुखण्याला युंग 'कॉम्प्लेक्स' म्हणत असे.

या प्रयोगांवरचे निबंध १९०६ साली त्यानं व्हिएन्नाला, मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडकडे पाठवले. दडपलेल्या विचारांबद्दल फ्रॉइड जे रुग्णांच्या बोलण्यातून सांगत होता, ते इथे घड्याळावर मोजलेलं होतं. पुढच्या वर्षी दोघं भेटले. युंगच्या आठवणीनुसार ते १३ तास बोलत होते! फ्रॉइड पन्नाशीचा, युंग एकतिशीचा. १९१० मध्ये फ्रॉइडनं 'इडिपस कॉम्प्लेक्स' (मुलाच्या मनातली आईची ओढ आणि वडिलांबद्दलची चीड) असा शब्दप्रयोग छापला, तो तरुण मित्राचाच शब्द घेऊन. १९१३ च्या सुरुवातीला मैत्री तुटली, पण शब्द फ्रॉइडनं टाकला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या 'न्यूनगंडा'शी ज्याचं नाव जोडलं जातं तो मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलरही १९११ पर्यंत फ्रॉइडच्याच मंडळातला.

आता 'गंड' पाहा. गळ्याला गाठी येतात ती गंडमाळ. दुखरी गाठ एरवी कपड्याखाली झाकलेली असते, बोट लागलं की माणूस कळवळतो. युंगच्या यादीतले शब्द म्हणजे तसं चाचपणारं बोटच. गुंत्याला हात लावला तर तो दुखत नाही. 'गंड' योजणाऱ्याच्या मनात हेच होतं का, माहीत नाही, पण शब्द चपखल बसलाय.

प्रश्न : पटलं. मग 'मला इंग्रजी बोलताना न्यूनगंड येतो' हे बरोबर का?

उत्तर : तिथे 'संकोच वाटतो' म्हणा. 'कॉम्प्लेक्स येतो' असं हल्ली म्हणतात, ते त्या क्षणापुरतं असतं. न्यूनगंड येत-जात नाही, तो असतो. 'त्याच्या मनात इंग्रजीबद्दल न्यूनगंड आहे' असं म्हटलं, की वर्षानुवर्षं जपलेली ठसठस त्यात येते.