गंडमचा अमेरिकी ब्लू-रे संच : चित्र उत्तम, पण संच अपूर्ण

‘चित्र स्वच्छ आहे, तेव्हा संच डोळे झाकून घ्यावा’ हे या संचाबद्दलचे एक मत मला अर्धेच पटते. १९७९ सालच्या ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेची मूळ ४:३ (जुन्या टीव्हीच्या आकाराची) चौकट ब्लू-रेवर कायम ठेवली आहे, आणि नायक आमुरोच्या चेहऱ्याभोवतीची हाताने काढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक झाली आहे तेही त्यात दिसते; मला तरी हे फार मोलाचे वाटते. मात्र मूळ ४३ भागांपैकी १५ वा, कुकुरुस दोआनच्या बेटाचा भाग, दिग्दर्शक तोमिनो यांच्या इच्छेनुसार अमेरिकी संचात नाही. त्यातील चित्रांकन कच्चे आहे हे मान्य. तरीही युद्ध सोडून अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या दोआन या सैनिकाची ती कथा वगळलेल्या संचाला मी ‘संपूर्ण मालिका’ म्हणणार नाही.