गॅस संपलाय म्हणे! घरच्या एसीच्या दुरुस्तीचे आणि बदलीचे अनुभव

पेठकरीण (पुणे)

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "कुणाकडे चांगला एसीवाला आहे का?" मग आठ-दहा नंबर येऊन पडतात. नंबर देणाऱ्याचं काम नेमकं काय होतं, किती पैसे गेले आणि दुरुस्ती टिकली का, हे कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. एसी किती जुना, तक्रार काय होती, माणूस येऊन काय म्हणाला, निघालं काय आणि खर्च किती, एवढं लिहा. कंपन्यांची नावं आणि फोन नंबर नकोत, नाहीतर इथे जाहिराती सुरू होतील.

सुरुवात माझ्यापासून. दीड टनाचा साधा स्प्लिट, २०१५चा, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) प्रकारचा नाही. इनडोअरमधून, म्हणजे घरातल्या युनिटमधून, नुसता वारा यायचा. बाहेरचा पंखा फिरायचा, पण कॉम्प्रेसर थोडा वेळ घुमायचा आणि बंद पडायचा. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, बाल्कनीत उभ्या उभ्या पाइपला हात लावला आणि म्हणाला, "मॅडम, गॅस संपलाय, कॉम्प्रेसरपण वीक आहे." अंदाज १४,००० रुपये. शिवाय "एवढे घालण्यापेक्षा नवीनच घ्या" हा सल्ला. आउटडोअरचं, म्हणजे बाहेरच्या युनिटचं, झाकण त्याने उघडलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या फ्रिज दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी मेन बंद केला, चार स्क्रू काढले आणि मला आत बघायला लावलं. कॅपॅसिटरचं सपाट टोपण पुरीसारखं टम्म फुगलं होतं. डब्यावर ५० मायक्रोफॅरड छापलेलं, मीटर १८ दाखवत होता. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला कॅपॅसिटरकडून जो धक्का लागतो तो मिळतच नव्हता. नवीन कॅपॅसिटर ४५०, व्हिजिट ४००. त्यानंतरचा उन्हाळा त्याच एसीवर निघाला.

आता मला हे विचारायचंय की "गॅस संपलाय" ऐकल्यावर खरोखर गॅसच गेलेला निघाला, असं कुणाचं झालंय का?

बर्डीवाला (नागपूर)

आमच्याकडे गॅसचं नाव निघालं नाही, आमचा पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला. कारण पाल. इन्व्हर्टर एसी, वॉरंटीतला. पाल आउटडोअरमध्ये शिरून थेट बोर्डावर चिकटून मेली. पंचेचाळीसच्या उन्हात एसी बंद. कंपनीचा माणूस आला, फोटो काढला अन् म्हणाला, किडे-प्राण्यांनी झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. बोर्ड ९,८०० रुपये, तोही मागवावा लागंल. मी म्हटलं, बापा, पाल काय मी पाळली होती का?

बर्डीवर एक पोरगा बोर्ड दुरुस्त करून देतो. त्याने जळालेले पार्ट बदलले, बोर्डावर वार्निशसारखा कोट मारला, २,६०० घेतले. वर आउटडोअरच्या वायर जिथून आत जातात ते भोक पुट्टीने बुजवायला सांगितलं. माझ्या मते हे इन्स्टॉलेशनवाल्यानेच करायला पाहिजे, पण कोणी करत नाही.

व्होल्टेजचंही सांगून ठेवतो. मे महिन्यात संध्याकाळी आमच्या लाइनवर १८०च्या खाली जाते. "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते एका ठरावीक रेंजपुरतं. ती रेंज आतल्या पानावर बारीक अक्षरात सापडते. आपल्या घरची लाइन मोजून मग ठरवा.

अन् बोर्ड येईपर्यंत? कूलर आहे न. विदर्भात एसी घेतला म्हणून कूलर कोणी विकत नाही.

खाडीकाठ (ठाणे)

पेठकरीणताई, हो. आमच्याकडे खरंच गॅस गेला होता. भरला, परत गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. दर वेळी ३,००० ते ३,५०० रुपये. भरणाऱ्यांपैकी एकानेही गळती कुठे आहे हे शोधलं नाही. सिलिंडर लावला, गेज (दाब दाखवणारा काटा) बघितलं, बिल केलं, गेले.

शेवटी एका मेकॅनिकने इनडोअर खाली उतरवला, नायट्रोजनचं प्रेशर दिलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काटा खाली आलेला, म्हणजे गळती आहेच. मग साबणाचा फेस ब्रशने लावत गेला. कॉइलच्या, म्हणजे गॅस फिरतो त्या तांब्याच्या नळीच्या, टोकाशी जे यू-वळण असतं, तिथे मोहरीएवढे बुडबुडे, एक फुटला की दुसरा. बारकाईने बघितलं तर तांबं काळं पडलेलं. "ताई, जवळ नाला आहे का?" त्याने विचारलं. आहे. आमच्या मागच्या खिडकीखालीच आहे. नाल्यातून सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो तांब्याला खातो. आमच्या देवघरातली चांदीची समई घासून ठेवली तरी काही दिवसांत काळी का होते, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी, हे दुकानात चार वेळा सांगितलं होतं. कॉइलला किती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कंपनीचं म्हणणं, परिसरामुळे झालेली झीज आम्ही धरत नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिलं आणि काळ्या कॉइलचे फोटो जोडले. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर कॉइल निम्म्या किमतीत मिळाली. नवीन कॉइलवर संरक्षक कोटिंग आहे. टिकेल का, ते बघू. नाला काही हलणार नाही.

मिरामारकार (गोवा)

खाडीकाठ यांना अनुमोदन. आमच्याकडे नाला नाही, दर्या आहे. आउटडोअरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या हाताला लागताच पांढरी भुकटी होऊन गळायच्या. स्टँडचे बोल्टही गंजून गेलेले. स्वच्छ पाण्याने आउटडोअर अधूनमधून धुऊन काढतो, एवढंच. शेजाऱ्याने वर पत्र्याची पेटी करून घेतली, तर त्यात गरम हवा कोंडून एसीच ट्रिप व्हायला लागला.

सातपूरकर (नाशिक)

एक प्रामाणिक प्रश्न. दर वर्षी गॅस टॉप-अप करावाच लागतो ना? आमचा माणूस दर उन्हाळ्याच्या आधी येऊन करतो. गाडीचं ऑइल बदलतो तसं समजत होतो.

आयटीआय मेकॅनिक (चाकण)

सातपूरकर साहेब, नाही. गॅस संपत नसतो. तो बंद नळीत गोल फिरतो, जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळाला. दर वर्षी भरावा लागत असेल तर तुमची गळती दर वर्षी तशीच राहतेय.

मी रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड केलाय, बारा महिने हेच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फ्लॅटमध्ये उभं राहून हात लावून गॅस कळत नाही. आधी फिल्टर, मग ब्लोअर (इनडोअरमधला पंखा), मग आउटडोअरची जाळी. धूळ बसली तरी कूलिंग जातं. आउटडोअरला जोडलेल्या बारीक पाइपवर बर्फ धरला तर गॅस कमी असल्याची शंका घ्यावी. जाड पाइपही पांढरा पडला असेल तर आधी फिल्टर आणि ब्लोअर बघावा. त्यानंतर क्लॅम्प मीटरने, म्हणजे एसी किती करंट ओढतो ते मोजणाऱ्या मीटरने, अ‍ॅम्पिअर बघायचे, स्टिकरवर छापलेल्यापेक्षा बरेच कमी आले तर मग गेज लावायचं. बहुतेक गळती फ्लेअर नटला, म्हणजे पाइप युनिटला जोडणाऱ्या नटला, असते, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या दिवशीच झालेली असते.

गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. नळीत हवा आणि ओल राहिली की कॉम्प्रेसरचं आयुष्य जातं. आणि गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या स्टिकरवर असतं. आर-४१०ए हा दोन गॅसचा निम्मा-निम्मा मिलाफ आहे, तो द्रवरूपातच भरावा लागतो. जुन्या आर-२२च्या एसीत दुसरा गॅस घालून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. हल्लीच्या आर-३२ला थोडी ज्वलनशीलता आहे, त्यामुळे आत गॅस असताना कुणी गॅसची बत्ती पेटवत असेल तर थांबवा.

आता दुसरी बाजू. गळती शोधायला दोन-तीन तास जातात. मला पैसे कॉलमागे मिळतात, तासामागे नाही. सीझनला सकाळी आठला हातात दहा कॉल दिलेले असतात. मी गिऱ्हाइकाला सांगतो, नायट्रोजन लावू, १,००० रुपये जादा होतील. उत्तर येतं, "ते राहू दे, तुम्ही गॅस टाका फक्त." गॅस टाकला की थंड होतं, गिऱ्हाईक खूश, पाच स्टार. महिन्याने परत फोन, तेव्हा मी चोर.

आणि अजून एक. नवव्या मजल्यावर बाहेरच्या छज्जावर आउटडोअर, खिडकीतून वाकून उतरायचं. बेल्ट अडकवायला आत काही नसतं. घरातले म्हणतात, "मागच्या वेळचा आला होता की असाच." बिल्डरने एसी ठेवायची जागा काढताना तिथे माणूस जाणार आहे हा विचारच केलेला नसतो.

पेठकरीण

मेकॅनिक दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. छज्जाचा मुद्दा मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढणार आहे.

नवा ताबा (बाणेर)

बिल्डरचा विषय निघालाच आहे तर. आमच्या फ्लॅटला "एसी रेडी" म्हणून कॉपर पाइप भिंतीतून आधीच टाकून दिले होते. एसी बसवला आणि दोन महिन्यांत कूलिंग गायब. गळती कुठेतरी भिंतीच्या आत, बहुधा फर्निचरवाल्याचा खिळा. पाइपचा नकाशा कुणाकडेच नाही. बिल्डर म्हणतो सुताराला विचारा, सुतार म्हणतो मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी पाइप भिंतीबाहेरून नवीन टाकले, वर पांढरी पट्टी लावली. दिसायला वाईट दिसतं, पण कूलिंग आहे.

हिशेबी (डोंबिवली)

मी बदलीबद्दल लिहितो. २०२५च्या २२ सप्टेंबरला एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. त्यासाठी थांबून दिवाळीत घेतला. फ्री इन्स्टॉलेशनचं बिल असं: स्टँड ८५०, सोबत आलेला पाइप अपुरा म्हणून जादा कॉपर २,४००, ड्रेन पाइप आणि वायर ६००, भिंतीला भोक ५००. मजुरी तेवढी फुकट. हे आधी लेखी मागा, मग दुकानांची तुलना करा.

जुन्याचे दुकानदार ३,००० देत होता, भंगारवाला ५,२०० म्हणाला, कारण आत तांबं आहे. मी दुकानदाराला दिला. भंगारवाला पाइप कापून गॅस हवेत सोडतो हे डोळ्यांनी बघितलंय. बायकोच्या मते मी २,२०० रुपयांची पर्यावरणसेवा केली.

विजेचं म्हणाल तर मे महिन्यात आमचं बिल ३०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये जायचंच. नवीन पाच स्टारने ते ३००च्या आत राहतं. जुना चालू असताना तो बदलावा का, हा हिशेब मात्र ज्याच्या-त्याच्या वापरावर आहे. महिनाभर रात्री दोन तास लावणाऱ्याने कशाला बदलावा?

वाळवंटी (फिनिक्स, अ‍ॅरिझोना)

इथला एक अनुभव. २०२३च्या ३० जूनपासून इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर होता. त्यातच जुलैत आमचं छतावरचं युनिट गेलं. घर २००७चं, युनिटही तेव्हाचं, आर-२२वर. अमेरिकेत २०२०पासून आर-२२ नव्याने बनवायला आणि आयात करायला बंदी आहे. जे मिळतं ते जुन्या साठ्यातलं, भाव सोन्याचा. त्यात कॉम्प्रेसरच गेलेला, म्हणजे बदलणं आलंच.

होम वॉरंटी (घरातली उपकरणं बिघडली तर खर्च उचलणारा करार) होती. त्यांनी पाठवलेला माणूस यायलाच आठवडा गेला. आम्ही मुलांना घेऊन हॉटेलात. वॉरंटीने मशिनचे पैसे दिले, पण क्रेन, परमिट आणि नियमांनुसार करायचे बदल आमच्या माथी. तो आकडा काही हजार डॉलरचा होता.

मला सांगायचंय ते टनाबद्दल. कोटेशन द्यायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी जुन्या युनिटचा स्टिकर बघितला आणि तेवढ्याच टनाचं नवीन लिहून दिलं. एकानेच खोल्या मोजल्या, खिडक्या कुठल्या दिशेला आहेत आणि माळ्यावर इन्सुलेशन किती आहे हे बघितलं आणि अर्धा टन कमी सुचवला. त्यालाच काम दिलं. तुमच्याकडेही टॉप फ्लोअर आणि पश्चिमेची भिंत असेल तर दुकानदाराच्या "१२० स्क्वेअर फूट म्हणजे एक टन" वर जाऊ नका.

आजीची खोली (सोलापूर)

आमची तक्रार साधी. इनडोअरमधून पाणी गळून आजीच्या गादीवर पडायचं. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) होतं, फोनवर उत्तर ठरलेलं, "तुमचा नंबर लागलाय." एएमसीच्या कागदावर गॅस, पीसीबी आणि प्लास्टिकचे भाग वगळलेले. मग उरलं काय, तर धुणं. तेही पावसाळ्यात येऊन करून गेले. शेवटी भावानेच ड्रेन पाइपात सायकलच्या पंपाने हवा मारली, आतून शेवाळाचा लांबच लांब गोळा बाहेर पडला. पाइपला उतार नव्हता, मधे झोळ पडला होता. दोन क्लॅम्प मारले, पाणी बंद. एएमसीचं नूतनीकरण केलं नाही.

सातपूरकर

मेकॅनिक साहेब, आज फिल्टर काढून बघितला. बोलायची सोय नाही. नायट्रोजनची टेस्ट तुमच्याकडूनच करून घ्यायची आहे. चाकणहून नाशिकला याल का? येत्या आठवड्यात जमेल?

आयटीआय मेकॅनिक

साहेब, एप्रिलात माझी बायकोसुद्धा माझ्याकडून घरचा पंखा दुरुस्त करून घेऊ शकत नाही. नाशिकमध्येच कुणी बघा. फोनवर पहिलाच प्रश्न विचारा, नायट्रोजनचा सिलिंडर आणि व्हॅक्यूम पंप आहे का. "त्याची काय गरज" म्हणाला तर पुढचा नंबर लावा. अगदीच कुणी नाही मिळालं तर जूनचा पहिला पाऊस पडल्यावर कळवा, तेव्हा मी रिकामाच असतो.