बँक कर्ज आलं, आता बारा जणींत कसं वाटायचं?

प्रश्न – गटसखी_केज

बीड जिल्ह्यातला महिला बचत गट आहे. 12 सदस्य, महिना 100 रुपये बचत, 14 महिने पूर्ण. बचत 16,800, अंतर्गत कर्जाचं (आपसांत दिलेल्या) व्याज 2,700, फिरता निधी (सरकारी योजनेतून गटाला मिळालेले खेळते पैसे) 30,000. बँक दीड लाख देते म्हणते, पण आधी गटाची 20 हजारांची एफडी करा, असं सांगितलंय. निम्म्या जणी म्हणतात, प्रत्येकीला साडेबारा हजार वाटून मोकळं व्हा. पाच जणींना शेळ्या घ्यायच्यात, दोघींना किराणा भरायचाय. चौघी दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, त्या चैतातच परत येतात. हप्ता कसा बसवायचा?

हिशोबनीस

आधी बँकेचं बघू. एफडी करू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत गटाला 10 लाखांपर्यंत तारण घ्यायचं नाही, बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही आणि ठेवीचा आग्रह धरायचा नाही. शाखेत तोंडी वाद घालण्यापेक्षा दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यावरच मागणी गळून पडते.

दुसरं, दीड लाख ही पहिल्या कर्जाची किमान रक्कम आहे, कमाल नव्हे. नियम असा की निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यांतली जास्त असेल ती. निधीत बचत, व्याज आणि फिरता निधी तिन्ही धरतात. तुमचा 49,500 होतो, सहापट 2,97,000. अर्थात मिळतंय म्हणून सगळं उचलू नका. सूक्ष्म पतपुरवठा आराखडा (कुणाला कशासाठी किती हवं, याचा गटाचा तक्ता) भरताना जी मागणी निघेल तेवढंच घ्या.

समान वाटपाने गट मोडतात. जिला गरज नाही तिचे साडेबारा हजार घरच्या खर्चात जातात किंवा नवऱ्याच्या हातात, आणि हप्त्याला ती मागच्या दाराने निघून जाते. उलट शेळ्यावालीला तेवढे पुरतच नाहीत, ती उरलेले सावकाराकडून आणते.

आता व्याज. गट सदस्याला महिना 2 टक्के लावतो, पण कशावर? 20 हजारांचे 1,000 प्रमाणे 20 हप्ते धरा. व्याज मूळ रकमेवर लावलं तर 8,000 होतं, शिल्लक रकमेवर 4,200. बऱ्याच वह्यांत पहिला प्रकार चालू असतो आणि कुणाला पत्ता नसतो. बँकेचं 3 लाखांपर्यंतचं कर्ज व्याज सवलतीत वर्षाला 7 टक्क्यांनी पडत असेल, तर सदस्याला शिल्लक रकमेवर महिना 1 टक्का, म्हणजे वर्षाला 12, पुरे. वरचे 5 टक्के गटाच्या निधीत.

शेरडवाला

शेळ्यांवर कर्ज देताना पहिल्या महिन्यापासून हप्ता लावला की तो मजुरीतून जातो किंवा शेळीच विकली जाते. साधा हिशोब करा. दोन महिन्यांची गाभण उस्मानाबादी जातीची शेळी घेतली तर विण्याला तीन महिने (गर्भकाळ साधारण 150 दिवस), मग बोकड विकायला सात-आठ महिने. म्हणजे पहिला पैसा दहा-अकरा महिन्यांनी.

शेळी बाजारातून घ्याल तर एक वेत झालेली, दोन्ही सडांना दूध असलेली बघा. घरच्या कळपात लगेच सोडू नका, 21 दिवस वेगळी बांधा. आंत्रविषाराची (आतड्याच्या रोगाची) लस पावसाच्या आधी, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) करडं तीन-चार महिन्यांची झाल्यावर, जंताचं औषध पावसाआधी आणि पावसानंतर. विमा काढला तर कानातला बिल्ला जपा. बिल्ला हरवला आणि कळवलं नाही, की दावा अडकलाच.

कोयत्यावर जाणाऱ्या चौघींना शेळ्या द्यायच्या असतील तर आधी विचारा, मागे राखणार कोण. सासू राखणार असेल तर ठीक. निम्म्या वाट्याने दुसरीकडे ठेवली तर तिला निम्मंच उत्पन्न मिळणार, हप्ता तसा धरा.

हिशोबनीस

शेरडवाल्यांचं म्हणणं धरून हप्ता बसवा. पहिलं कर्ज 24 ते 36 महिन्यांत, महिना किंवा तिमाही हप्त्याने फेडता येतं. 36 महिने आणि तिमाही मागा. किराणावाल्या दोघींनी दर महिन्याला भरावं, शेळ्यावाल्या पाच जणींनी पहिले दहा महिने फक्त व्याज. तेवढ्यात बँकेचा हप्ता गटाच्या अंतर्गत निधीतून निघतो का, हे आधी कागदावर मांडा. निघत नसेल तर कर्ज कमी घ्या. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए (थकीत) होतं, आणि व्याजाची सवलतही अडकू शकते.

गटसखी_केज

कोयत्यावाल्या म्हणतात, मुकादमाची उचल (ऊसतोडीची आगाऊ रक्कम) मिळाली की सहा महिन्यांचे हप्ते एकदम भरतो. घ्यावेत का?

हिशोबनीस

उचल हे त्यांच्या अंगावरचं दुसरं कर्ज आहे, ते ऊस तोडून फेडायचं असतं. त्यातून मुद्दल घेऊ नका. हंगामात फक्त व्याज घ्या. त्यासाठी घरी राहणाऱ्या एका माणसाचं नाव ठरावात लिहा. मुद्दल हंगामाच्या हिशोबानंतर, चैत-वैशाखात. प्रत्येकीची रक्कम, कारण, हप्त्याच्या तारखा इतिवृत्तात आणि तिच्या पासबुकात, दोन्हीकडे. सह्या किंवा अंगठे ती गावात असतानाच घ्या.