आयुर्विमा प्रतिनिधीने लीड विकत घ्याव्यात का, आणि घ्यायच्या तर कोणाकडून?

विमासाथी (पुणे), धागाकर्ता

गेली सहा वर्षे मी पुण्यात आयुर्विम्याचे काम करतो आहे. नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांचे विमे पहिल्या दीड-दोन वर्षांत उतरवून झाले की, आता फोन कोणाला करायचा, हा प्रश्न बहुतेक प्रतिनिधींपुढे उभा राहतो आणि नेमके त्याच सुमारास लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावे आणि क्रमांक, विकणारे आपल्याला गाठतात. मी तिघांशी बोललो आणि दोघांकडून लीड घेतल्या. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, पुरवठादार निवडताना दर सर्वांत शेवटी विचारावा. समोरच्या माणसाने आपला क्रमांक नेमका कशासाठी दिला होता आणि तेच नाव आणखी किती जणांना विकले गेले आहे, हे आधी विचारावे.

पहिल्याकडून मी ६० रुपयांना एक या दराने २०० नावे घेतली, म्हणजे १२,००० रुपये मोजले. हाती आलेल्या एक्सेलच्या तक्त्यात नाव, मोबाइल, गाव आणि 'उत्पन्न ५ ते १०' एवढेच रकाने होते. तिसऱ्याच फोनवर एका बाईंनी विचारले, "मी मॉलमध्ये गाडीच्या सोडतीचे कूपन भरले होते, त्याचाच हा फोन ना? आज सकाळपासून तुम्ही चौथे." त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या, आणि मला फोन ठेवताना फार वाईट वाटले. त्या २०० नावांतून दोन पॉलिसी झाल्या. त्यांतली एक फ्री लूकच्या, म्हणजे पॉलिसी परत करण्याच्या मुभेच्या, ३० दिवसांतच परत गेली आणि तिच्याबरोबर कमिशनही गेले.

दुसऱ्याचा दर ४५० रुपये होता. मी ४० नावे घेतली, म्हणजे १८,००० रुपये झाले. ही माणसे मुदत विम्याची (टर्म इन्शुरन्सची) चौकशी करणारा अर्ज स्वतः भरून आलेली होती. अर्जातील संमतीचा मजकूर, तारीख आणि वेळ मला पाहायला मिळाली, आणि नाव फक्त मलाच दिले जाईल असे लेखी मिळाले. त्यांतून सात पॉलिसी झाल्या आणि तेराव्या महिन्यात त्यांपैकी सहा चालू होत्या. म्हणजे वर्षानंतर टिकलेल्या एका पॉलिसीमागे पहिल्याकडे १२,००० रुपये पडले आणि दुसऱ्याकडे ३,०००. स्वस्त आणि महाग हे शब्द आपण कोणत्या टप्प्यावर वापरतो, यावर सगळा हिशेब फिरतो.

तिसऱ्याचा प्रस्ताव वेगळा आहे. आगाऊ काहीही द्यायचे नाही, पॉलिसी झाली की कमिशनमधला ठरावीक वाटा त्याला द्यायचा. मला तो सर्वांत न्याय्य वाटतो, कारण वाईट नावांचा भुर्दंड त्यालाच बसेल. आपली मते वाचायला आवडतील.

गोदाकाठ (नाशिक)

विमासाथी, आपला हिशेब चोख आहे, पण मुळात तो मांडण्याची वेळच येऊ नये असे मला वाटते. मी २२ वर्षे हे काम करतो आणि आजवर एकही नाव विकत घेतलेले नाही. आपल्याकडे नावे संपत नाहीत, आपले पॉलिसीधारकांकडे जाणे संपते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका पॉलिसीधारकाचे अकस्मात निधन झाले. दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, नॉमिनीचे ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश असे सगळे कागद त्यांच्या पत्नीसोबत बसून लावले. खात्याच्या क्रमांकातला एक अंक त्यांच्याकडून चुकत होता, तो तीनदा पुन्हा लिहिला. रक्कम जमा झाली तेव्हा त्यांच्या दिरांनी स्वतःहून बोलावून घेतले आणि त्या एका कुटुंबातून वर्षभरात पाच विमे झाले. विश्वास असा घरातून घरात जातो, तो तक्त्यातून येत नाही. जो पैसा आपण लीडवर घालता, तो जुन्या पॉलिसीधारकांच्या भेटीगाठींवर घाला.

नवी_वाट (पिंपरी)

गोदाकाठ दादा, आपल्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरीही आपल्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. लग्नानंतर लातूरहून इथे आले. विमा प्रतिनिधी होण्यासाठीची आयसी-३८ ची परीक्षा दीड वर्षापूर्वी उत्तीर्ण झाले. माहेरची माणसे तीनशेहून अधिक किलोमीटरवर आणि सासरच्या गोतावळ्यात आधीच तीन प्रतिनिधी. ज्यांच्याकडे २२ वर्षांचे पॉलिसीधारक आहेत त्यांनी 'भेटीला जा' म्हणणे योग्यच आहे, पण ज्यांच्याकडे अजून पॉलिसीधारकच नाहीत त्यांनी कोणाच्या भेटीला जायचे?

विमासाथींच्या मतालाही माझी एक हरकत आहे. १८,००० रुपये एकरकमी घालणे माझ्यासारखीला शक्य नसते. मी पुरवठादाराकडून आधी दहाच नावे घेते, ती तीन दिवसांत संपवते आणि दोन गोष्टी वहीत टिपते: किती जणांना आपण चौकशी केल्याचे आठवते आणि किती क्रमांक चुकीचे निघाले. दहापैकी सहा जणांना आठवत नसेल, तर पुढची नावे घेत नाही. चुकीचे क्रमांक जो बदलून देत नाही, त्याला मी सोडते. लेखी आश्वासनांपेक्षा ही दहा नावांची परीक्षा मला अधिक खरी वाटते.

पॉलिसीधारक_ठाणे

मी या व्यवसायातला नाही; तुमच्या तक्त्यातले एक नाव आहे. माझा क्रमांक डीएनडीमध्ये (जाहिरातीचे फोन नकोत अशा यादीत) नोंदवलेला असूनही आठवड्यात पाच-सहा फोन येतात. मी आता प्रत्येकाची तक्रार १९०९ वर नोंदवतो. नाव कोणी विकले ते मला कधीच कळत नाही, तक्रार मात्र फोन करणाऱ्याच्या क्रमांकावर लागते, हे प्रतिनिधींनी ध्यानात घ्यावे.

नियमपुस्तक

वरील मुद्दा गंभीर आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार टेलिमार्केटर म्हणून नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. पहिल्या खेपेस १५ दिवस त्या क्रमांकावरून जाणारे फोन बंद होतात आणि पुन्हा तसेच घडले तर वर्षभरासाठी सेवाच तोडली जाते. ज्या क्रमांकावर आपले पॉलिसीधारक हप्त्याची आणि दाव्याची चौकशी करतात, तोच बंद पडला तर काय होईल, याचा विचार करावा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या कायद्याला संमती विशिष्ट कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली हवी आहे. सोडतीचे कूपन त्या कसोटीला कसे उतरेल?

विमासाथी, आपल्याला आवडलेला तिसरा प्रस्ताव तर कृपया ताबडतोब नाकारा. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४० नुसार विमा व्यवसाय मिळवून देण्याबद्दल कमिशन फक्त विमा प्रतिनिधीला किंवा अधिकृत मध्यस्थाला देता येते. नुसती यादी विकत घेणे आणि पॉलिसीमागे वाटा देणे यांत हाच मोठा फरक आहे.

विमासाथी (पुणे), धागाकर्ता

नियमपुस्तक, मनापासून आभार. वाटा देण्याचा व्यवहार न्याय्य आहे असे मी लिहिले, ते चुकले. ज्याला पॉलिसीमागे पैसे मिळणार, तो ग्राहकाला काहीही सांगून नाव माझ्यापर्यंत आणेल, हेही आता लक्षात येते. त्या गृहस्थांना मी आजच नकार कळवला आहे.

नवी_वाट ताई, आपली दहा नावांची पद्धत मी उचलणार आहे, फक्त तिच्यात एक भर घालतो. प्रत्येक फोनवर पहिले वाक्य 'आपण अमुक तारखेला मुदत विम्याची चौकशी केली होती, त्यासंबंधी बोलतो आहे' असे असावे. पुरवठादार ती तारीख देऊ शकत नसेल, तर दहा नावेही घेऊ नयेत.

गोदाकाठ (नाशिक)

नवी_वाट ताईंची अडचण खरी आहे आणि माझ्या लिहिण्यात ती लक्षात घ्यायची राहून गेली होती, हे मान्य. तरीही माझे मत बदललेले नाही. ताई, आपले दीड वर्षात जे काही पॉलिसीधारक झाले असतील, भले बाराच असोत, त्यांच्या पुढच्या हप्त्याच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि नवी दहा नावे घेण्याआधी त्या बाराजणांच्या घरी एकदा जाऊन या. मग त्या दहांची गरज किती उरते, ते इथे अवश्य लिहा.